मुनियाले मोहा कोणी चारला

प्रिय मामाजी,

हे ‘प्रिय’ नातीनं लिहायले लावलं. मी म्हटलं, सासऱ्याले कोणी प्रिय म्हणते का? ती म्हणे, पत्रात चालते आजी. मग चालवून घ्या. उभ्या जन्मात तुमच्याशी मी सरळ एकच शब्द बोलली, अन् आता कागदावर कागद भरायले बसली. माझं शिक्षण दुसरी बुकं. अक्षर चुकलं तर समजून घ्या, तुम्हाले तर तेही येत नव्हतं.

काऊन लिहून राहिली ते आधी सांगते. माझ्या नातवाचं, विनोदचं, यंदा लग्न झालं. तुमचा पणतू, तुम्ही पाह्यला नाही. गोंदियाले नोकरी करते, बोलते अर्धं हिंदीत. मागच्या रविवारी त्याच्या घरी सोयरे जेवायले आले होते. विनोदले पाहुण्यांपुढं गोष्टी सांगायची फार खाज. सांगायले लागला, “हमारे पणजोबा साहेबाच्या घोडीचे सईस होते. एक दिवस घोडीले मोहा चारला, अन् सोताही लावली. साहेब येऊन पाहते त घोडी इकडं आडवी, पणजोबा तिकडं आडवे.”

सगळे हसले. सोयऱ्याच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. नवी सून माझ्याजवळ बसली होती. तिनं विचारलं, “आजी, खरंच का जी?”

माझ्या तोंडात घास होता. मी म्हटलं, “हव.”

घास गिळल्यावर मले माझाच राग आला. मोहा चारल्याची गोष्ट आपल्या घरात मी किती वर्षांपासून ऐकून राहिली. ती गोष्ट मी चालू दिली. पण तुम्ही पिऊन पडले हे कोणी कधी म्हटलं नव्हतं. गोंडाच्या गावात पाहुण्यासाठी पानाच्या दोन्यात दारू येई. तुम्ही दोना कपाळाले लावत अन् झाडाच्या बुडाशी ओतून देत. देणाऱ्याचा मान राहे, तुमचं तोंड कोरडं राहे. अशा माणसाले मी भर पंगतीत दारुड्या ठरवला. तोंडातला घास बाजूले सारून ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण म्हटलं नाही.

तर आता लिहून टाकते. मुनियाले मोहा तुम्ही नाही चारला. मी चारला. तुम्हाले हे ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायच्या आधी एकदा तुमच्यापुढं मांडून पाहते, जमते का.

माझं लग्न झालं तेव्हा इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आपला गाव भंडाऱ्यात मोजत, अन् भंडारा नागपूरच्या राज्यात. तुम्ही जंगलच्या साहेबाच्या घोडीचे सईस, तुमचा लेक त्याच साहेबाचे तंबू ठोकणारा खलाशी. दिवाळी झाली की साहेबाचा दौरा निघे तो मोहा वेचून होईपर्यंत रानातच. त्या साली मामीजी, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “दोघं बाप-लेक रानात कच्चा भात खाऊन येतात अन् पोट धरून घरी बसतात. यंदा सुनेले घेऊन जा.” मले कोणी विचारलं नाही. मी सोळा वर्षांची, माहेर अर्जुनी मोरगावकडचं. सपाट धानाचा मुलूख, पाहावं तिकडं तलाव अन् बांध्या. मले उत्तरेच्या अंगाले, सालेकशाच्या वर, दरेकशाच्या रानात नेऊन सोडलं.

पहिल्या पडावावर मी दिवसभर रडली. दुसऱ्या पडावावर अर्धा दिवस. तिसऱ्यापासून फुरसत मिळाली नाही.

तुम्हाले आठवते का हो ते पडाव? नाल्याच्या काठाले, मोठ्या झाडांखाली, दरसाल त्याच जागा. गावचे लोक आधीच येऊन झाडून ठेवत. साहेबाचा तंबू वरच्या अंगाले, खानसाम्याची चूल त्याच्या मागं, घोड्यांची जागा खालच्या अंगाले वाऱ्याच्या आडोशाले, अन् घोड्यांच्या पलीकडं बांबूच्या ताटीआड माझी चूल. साहेबाकडं तंबूचे दोन जोड. एकात साहेब झोपे तेव्हा दुसरा बैलगाडीवर पुढच्या पडावाले निघून जाय, अन् त्याच्यासंगं तुमचा लेक. म्हणजे लग्न झालं कोणाशी, अन् रानात राहिली कोणाजवळ, तर सासऱ्याजवळ. सासऱ्याशी बोलायचं नाही, समोर यायचं नाही, पदर नाकाच्या खाली. अशा दोन माणसांनी रानात दिवस कसे काढावे? कोणी ठरवलं होतं देवच जाणे.

घोडे दोन. मुनिया साहेबाची, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. अन् भुऱ्या, तो सामानाचा तट्टू, माझी भांडी त्याच्याच पाठीवर. पडाव हलला की साहेब तोडायच्या झाडांवर खुणेचा घण मारत रानातून पायी जाय अन् आपण वाटेनं. पुढं तुम्ही मुनियाले धरून, मधात भुऱ्या, त्याच्या मागं मी. माझी भांडी वाजत जात. तुम्ही कधी मागं वळून पाह्यलं नाही. पण भांडी वाजायची थांबली की तुम्हीही थांबत. मी पायातला काटा काढे, भांडी पुन्हा वाजत, अन् तुम्ही चालायले लागत. ते मले उशिरा समजलं.

अन् ते बोलणं. सुरुवात तुम्ही केली, हे मी मामीजींपुढंही म्हटलं असतं. दहाव्या-बाराव्या दिवसाची गोष्ट. तुम्ही मुनियाले खरारा करून राहिले होते, दातांतून स्स स्स करत. एकदम तिच्या कानात म्हणाले, पण एवढ्या मोठ्यानं की ताटीआड यावं:

“मुनिया, आज वरणात मीठ सांडलं वाटते.”

माझ्या हातातला डाव थांबला. घरी कोणी मले असं म्हटलं असतं तर मी दिवसभर तोंड फुगवलं असतं. पण घोडीले म्हटलं होतं. मग मीही घोडीलेच म्हटलं, “मुनिया, ज्याले खारट लागते त्यानं भात जास्त घ्यावा.”

“मुनिया, भात उरला कुठं?”

“मुनिया, दोनदा वाढून घेतल्यावर कसा उरन?”

मुनियाचे कान एकदा तुमच्याकडं, एकदा माझ्याकडं. तुम्ही हसले नाही, पण खरारा जोरात चालायले लागला. त्या दिवसापासून आपलं सगळं घर मुनियाच्या कानातून चाललं. पाणी ठेवायचं, सरपण संपलं, उद्या पडाव हलते, नाल्यावर अस्वलाचे पाय दिसले, एकटीनं जाऊ नको, सगळं मुनियाले. साहेबाची नक्कलही तुम्ही तिलेच करून दाखवली. मी ताटीआड पदर तोंडात कोंबून हसली. एकदा तुमचा लेक आला, दोन घडी ऐकत उभा राहिला अन् म्हणे, “तुमी दोगं घोडीसंगं काय बोलून राहता? तिले बी काही बोलू द्या.”

माझ्या बापानं माझ्याशी एवढं बोलणं केलं नव्हतं. तुम्ही मुनियाले सांगितलं म्हणून मले कळलं की हरडा कोणता अन् बेहडा कोणता, वाघ बोलायच्या आधी माकड बोलते, घोडा उभ्यानं झोपते. माहेरी मले कोणी काही शिकवत नव्हतं, कामाले लावत. तुम्ही घोडीले शिकवलं अन् मी शिकली.

एक गोष्ट मात्र तुम्ही घट्ट बजावली होती. “मुनिया, चंदी माझ्याच हातची खायची. दुसऱ्या कोनाच्या हातची नाही.” घोड्याचा दाणा, चणे भिजवायचे, मोजून तोबऱ्यात घालायचे, ते काम तुमचं. मले भिजलेल्या चण्याले हातही लावू देत नव्हते. मी मनात म्हणे, म्हातारा चणे खाते वाटते.

आता त्या दिवसाचं. मोह्याची फुलं गळून राहिली होती, सगळ्या रानाले त्यांचा गोडा वास. साहेबाले कामासाठी गोंदियाले जायचं होतं. पहाटे तुम्ही मुनियावर त्याले स्टेशनापर्यंत पोचवून आले. खानसामाही त्याच्यासंगं गेला. तुमचा लेक पुढच्या पडावाले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं साहेब परत येणार, तेव्हा मुनिया स्टेशनावर उभी पाहिजे, असा हुकूम.

तुम्ही परत आले तेव्हा ऊन तापलं होतं. मुनिया घामानं काळी पडली होती, पोट आत गेलेलं, मान खाली. तुम्ही तिले पाणी दाखवलं, अंग पुसलं, सावलीत बांधलं अन् भुऱ्याले घेऊन गवत आणायले गेले. जाताना म्हणाले, “मुनिया, येतो मी. आराम कर.”

मी तिच्याजवळ गेली. तिनं मान माझ्या खांद्यावर टाकली. मामाजी, मी काही लवकर पाघळणारी बाई नाही. पण चार महिने तिनं आपलं बोलणं इकडून तिकडं नेलं होतं अन् मी तिले चारायचं सोडा, मूठभर गवतही घातलं नव्हतं. माझ्या माहेरी बैल नांगरून थकून येत तेव्हा बाबा मोहा उकडून, थोडं मीठ टाकून टोपलीभर त्यांच्यापुढं ठेवत. दुसऱ्या दिवशी बैल ताजे. मले वाटलं, जनावर ते जनावर. बैलाले चालते ते घोडीले काऊन चालणार नाही?

वाटेनं एक गोंडीण मोहा घेऊन जाऊन राहिली होती. मी तिले मीठ दिलं, तिनं मले टोपलीभर मोहा दिला. तिनं विचारलं सुद्धा, “बैलासाठी का?”

मी म्हटलं, “हव.”

घोडीसाठी म्हटलं असतं तर ती बोलली असती. पण मले कोणाले विचारायचंच नव्हतं. मले वाटलं, मुनिया संध्याकाळी ताजी दिसन, तुम्ही म्हणान, मुनिया, आज काय खाल्लं तू? अन् मी ताटीआडून सांगीन. शाबासकी पाहिजे होती मले, अजून काय. मी मोहा उकडला, थंड केला, मीठ टाकलं. मुनियानं टोपलीचं बूड चाटलं.

तुम्ही गवत घेऊन आले तेव्हा ती पुढच्या पायानं जमीन खरडत होती. मान वळवून आपल्याच पोटाकडं पाही. तुम्ही गवताचा भारा तिथंच टाकला. तिच्या बरगडीले कान लावला, तोंड उघडून पाह्यलं, वास घेतला. मग उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून.

“मुनिया,” तुम्ही म्हणाले, “मोहा खाल्ला तू?”

मी टोपली चुलीमागं सारली. मुनिया बसली, मग आडवी झाली, मग लोळायले लागली. तुम्ही तिले ओढून उठवलं अन् फिरवायले लागले, नाल्यापासून तंबूपर्यंत, तंबूपासून नाल्यापर्यंत. एका फेरीत तुम्ही भुऱ्याजवळ थांबले, कारण मुनियाले आता बोलणं न्यायची ताकद नव्हती. भुऱ्याले म्हणाले, “भुऱ्या, ओंजळभर खाल्ला असन तर फिरवून निभन. जास्त खाल्ला असन तर गावातून जवसाचं तेल आनून पाजा लागन अन् पाय थंड्या पान्यात ठेवा लागन. किती खाल्ला रे, भुऱ्या?”

तुम्ही रागानं नाही विचारलं. रागानं विचारलं असतं तर मी उलटून बोलली असती, मले ते येते. तुम्ही असं विचारलं की जसं वरणातलं मीठ. अन् मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. लोक म्हणतात, पदर लाजेसाठी. त्या दिवशी माझा लपायसाठी होता. मनात एवढंच की आता मले माहेरी पाठवतील, दारात उभं राहून बाबा विचारतील काऊन आली.

तुम्ही पुन्हा फिरवायले लागले. गावाकडं धावत जाऊन तेल आणायचं तर मुनियाले कोणाच्या हाती द्यायचं, अन् ओंजळभरच असन तर ते सोडून कायले जायचं? तुम्ही माझ्या एका शब्दासाठी अडकले होते. ऊन झाडांच्या बुंध्यावरून शेंड्यावर चढलं. किती फेऱ्या झाल्या ते मी सांगू शकते, पण सांगत नाही.

मग मुनिया नाल्याच्या काठाले पडली अन् उठेना. तुम्ही तिची मान मांडीवर घेऊन बसले. तेव्हा मी ताटीच्या बाहेर आली. तुमच्यापुढं येऊन उभी राहिली अन् म्हटलं, “टोपलीभर.”

तोच तो एक शब्द. घोडी मधात न घेता.

तुम्ही माझ्याकडं पाह्यलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. मले वाटलं आता काय ते ऐका लागन. तुम्ही म्हणाले, “बरं. हिची मान धरून बस. डोक्शाखाली गोटा येऊ देऊ नको.” अन् गावाच्या वाटेनं धावत सुटले. पन्नाशीचा माणूस, अनवाणी.

तुम्ही तेल आणलं, बांबूच्या नळीनं पाजलं. मी जबडा धरला. मग आपण दोघांनी तिले उठवून नाल्यात उभं केलं. मुनिया वाचली. पण दुसऱ्या दिवशी उजाडलं अन् तिचे खूर चुलीवरच्या तव्यासारखे गरम. एक पाय टेके तर दुसरा उचले. तुम्ही खुराले हात लावून बसून राहिले. मले तेव्हाच कळलं. पोट वाचलं, पाय गेले. पाण्यात उभं करायचं ते आदल्या दुपारीच करायले पाहिजे होतं.

स्टेशनावर घोडी गेली नाही. साहेब बैलगाडी करून तणतणत आला. मी ताटीआड. मुनियाले पाहून त्याचा आवाज रानभर गेला. “किसने खिलाया इसको?”

तुम्ही म्हणाले, “मैंने, हुजूर.”

“तुमने? बीस साल से घोड़ा सँभालते हो, तुमको मालूम नहीं?”

“थकी थी, हुजूर. सोचा ताकत आएगी.”

माझ्या मनातलं तुम्ही जसंच्या तसं सांगितलं. मी तुम्हाले सांगितलं नव्हतं, तुम्हाले कसं समजलं? मी ताटी सारली, एक पाय बाहेर टाकला. तुम्ही न वळताच भुऱ्याच्या पाठीवर हात मारून म्हणाले, “भुऱ्या, जाग्यावर राय. तुयं काम नाही इथं.” अन् मी जाग्यावर राहिली. तट्टूसारखी.

साहेबानं तुम्हाले त्याच दिवशी काढून टाकलं. तुमच्या लेकाले ठेवलं. खलाशाच्या बायकोनं चारला म्हटलं असतं तर बाप-लेक दोघंही गेले असते, दोघं जाण्यापेक्षा एक गेला, हा हिशेब तुम्ही मनात लावून ठेवला असन. माझं नाव आलं असतं तर मामीजींनी मले उभं ठेवलं नसतं, तेही तुम्ही ओळखलं असन. पण मले विचारलं का? मले न विचारता मले वाचवलं. विचारलं असतं तरी मी गप्पच बसली असती, ती गोष्ट वेगळी. पण निदान ते गप्प बसणं माझं असतं.

मुनियाले गावच्या पाटलाकडं चरायले सोडलं. तुम्ही तिच्या कपाळाच्या ठिपक्यावर हात ठेवला अन् मागं न पाहता चालायले लागले. त्या दिवशी भुऱ्या संगं नव्हता. माझी भांडी माझ्या डोक्यावर होती, ती वाजली नाहीत. तरी तुम्ही मधातमधात थांबून राहिले.

घरी आल्यावर जे झालं ते तुम्हाले काय सांगू. मामीजी उठता-बसता म्हणत, “जनम घोड्यात घालवला अन् घोडीले मोहा चारला. अक्कल चारली असती तर बरं झालं असतं.” गावातली पोट्टी तुम्ही दिसले की हिनहिन करत. रोवणीले तुम्ही चिखलात उतरत, पाय जमत नव्हते, लोक हसत. तुम्ही हूं का चूं नाही केलं. मी भाकर थापत ऐके. मी. जिच्या तोंडाले गावातल्या बाया भितात ती.

नंतर साहेबाले जीप मिळाली. तुमचा लेक म्हणे, “आता सगळेच सईस घरी बसले, बाबाले दोन वर्षं आधी बसा लागलं एवढंच.” मीही तेच धरून बसली होती बरेच दिवस. जीप येणारच होती. पण ते खोटं समाधान हाय, मामाजी. जीप दोन वर्षांनी आली. ती दोन वर्षं तुमची होती. अन् जीप आल्यानं घरी बसलेल्या सईसाले पाहून कोणी हिनहिन करत नाही.

सगळ्यात वाईट काय झालं, ते मी कोणाजवळ बोलली नाही. नोकरी गेली ते नाही, दुसरंच. घरी मुनिया नव्हती. सहा वर्षं एका छपराखाली राहिलो अन् आपल्यात बोलणं म्हणून उरलं नाही. मी पाणी ठेवून निघून जाय, तुम्ही पिऊन गडवा उलटा घालून ठेवत. एकदा पेजेत मीठ जास्त पडलं, मुद्दाम पाडलं मी, अन् गोठ्याच्या दाराशी उभी राहून बैलाले म्हटलं, “ढवळ्या, आज पेज खारट झाली का, विचार बरं.” तुम्ही आत दोरी वळत होते. तुमचे हात थांबले. मले वाटलं, आता येते उत्तर. तेवढ्यात मामीजी ओट्यावरून ओरडल्या, “बैलासंगं काय बोलते? आता याले बी मोहा चारता का दोगं?” तुम्ही दोरी खाली ठेवली अन् बाहेर निघून गेले.

एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतं तुम्ही. ते ओझं हलकं झालं असतं. तुमच्या चांगुलपणानं मले फार जड केलं, हे मी तोंडावर सांगून राहिली.

शेवटी तुम्ही अंथरुणाले लागले तेव्हा पेज मीच पाजत होती. तोंडावर पदर घ्यायचं तुमच्या आजारात आपोआप सुटलं होतं. त्या दुपारी घरात आपण दोघंच. मी वाटी तोंडाले लावली अन् मनात म्हटलं, आता बोल भागरता, आता कोणी नाही. तुम्ही माझ्याकडं पाहून राहिले होते. तुमच्याही मनात काही होतं का? मी म्हटलं नाही. वाटी संपली, मी तोंड पुसून दिलं अन् भांडी घासायले गेली. भांडी कायले पळून जाणार होती?

नंतर लेकरं झाली, नातवंडं झाली, अन् मामीजींची टोमणे मारायची गोष्ट विनोदच्या तोंडी हसायची झाली. प्रत्येकानं थोडं थोडं त्यात घातलं. उद्या कोणी म्हणन, तुम्ही घोडी विकून दारू प्यायले. अन् माझ्याकडं पाहून विचारन, आजी, खरंच का? मी जगात आहे तोपर्यंत माझं ‘हव’ मोलाचं. मी गेली की ती गोष्टच खरी, अन् माझं नाव त्यात कुठंच नाही. फार सोयीचं झालं असतं मले.

मी काही रडत-बिडत नाही लिहिताना. डोळ्याचं आपरेशन झालं तेव्हापासून पाणी येतेच. पण रानातले ते चार महिने मले आता जास्त आठवतात, कालचं आठवत नाही. सकाळी मुनिया चणे चावे तो कडकड आवाज, धुक्यात तुमचं ते स्स स्स. माझा नवरा चांगला होता, तक्रार नाही, चाळीस वर्षं संसार केला. पण मी बोललेलं ऐकून खरारा जोरात चालवणारा माणूस मले पुन्हा भेटला नाही.

आता वचन देते. पुढच्या महिन्यात तुमच्या श्राद्धाची तिथ. सगळे येतात, विनोदही बायकोले घेऊन येईन. नैवेद्य झाला, पानं मांडून झाली की मी उभी राहीन. बसून नाही. विनोदले म्हणीन, घोडीची गोष्ट सांग. त्यानं सांगून झाली की त्याच्या बायकोकडं पाहून सांगीन की मी त्या दिवशी हव म्हटलं ते खोटं होतं. मोहा मी चारला, टोपलीभर. विचारलं तेव्हा बोलली नाही म्हणून घोडीचे पाय गेले, सईसाची नोकरी गेली. अन् विनोदच्या पणजोबानं थेंबभर दारू चाखली नव्हती. हसू येत असन तर आता हसा म्हणीन, पण माझ्याकडं पाहून.

हे पानं वाढायच्या आधी सांगीन. जेवण झाल्यावर नाही. भरल्या पोटी माणसं लवकर माफ करतात, अन् मले एवढ्या लवकर माफी नको.

तुमची सून,
भागरता